बद्द

त्या महिन्यात शर्वरीचं वजन साडेचौदा किलो होतं. मी दर एक तारखेला तिला काट्यावर उभी करते आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवते, त्यामुळे चूक होणं शक्य नाही. म्हणून वर्कशॉपवाल्या सुमीतने ते काळं बॉनेट माझ्याकडे सरकवून "भाभी, उठा के देखो, एक हाथ से" असं म्हटलं आणि ते खरोखर एका हाताने उचललं गेलं, तेव्हा पहिला विचार हाच आला, की गाडीचं एवढं मोठं तोंड माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या निम्म्या वजनाचं आहे.

मी ते लगेच खाली ठेवलं. इतकी हलकी वस्तू आपण नीट धरलेली नाही असंच वाटतं.

"डर गईं ना?" सुमीत हसला. "सब डरते हैं. लोहे की आदत है अपने को."

गाडी श्रीनाथची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. उज्जैनच्या टावर चौकात त्याचं चष्म्याचं दुकान आहे. आडनाव पागनीस. त्याचे खापरपणजोबा शिंद्यांच्या पागेत घोड्यांची देखरेख करायचे असं घरात सांगतात, आणि तेवढ्या एका माहितीच्या बळावर त्याने गेल्या वर्षी इंदूरच्या एका डॉक्टरांची बारा वर्षं जुनी, लाल, दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कार घरी आणली. "पागनीसांच्या दारात काहीतरी उधळणारं हवंच," तो म्हणाला. पुढे दोन सीटा, मागे दोन नावापुरत्या. त्या नावापुरत्या जागेत शर्वरीची खुर्ची बरोबर बसते, हे त्याने आधी टेपने मोजलं होतं आणि मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही.

घरात मला चिंतामणबाई म्हणतात. नाव सासूबाईंनी ठेवलं. "अगं, गावात एवढा चिंतामण गणपती बसलाय. त्याचं काम तू कशाला करून राहिलीस?" गॅसची नळी, गच्चीचा कठडा, शाळेच्या व्हॅनचं मागचं दार, न चिरलेली द्राक्षं. मी दहा गोष्टींना भिते आणि त्यातल्या नऊ कधी घडत नाहीत. त्यामुळे दहाव्या वेळी माझं कोणी ऐकेनासं झालं होतं, आणि त्यांची चूक नव्हती.

फेब्रुवारीत एक वानर आमच्या गच्चीवरून थेट गाडीच्या बॉनेटवर उतरलं. पत्र्याला परातीएवढा खळगा पडला. शर्वरी टाळ्या पिटत म्हणाली, "हनुमानजी आले!" श्रीनाथ दोन दिवस बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पत्रा ठोकून सरळ नाही करायचा. कार्बन फायबरचं बॉनेट लावायचं."

"फायबरचं?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्या बाथरूमच्या दारासारखं?"

"आई, विमानं बनवतात त्याची!"

"मग विमानाला लाव."

त्यानंतर दीड महिना तो रोज जेवताना मोबाइलवर बॉनेटं बघायचा. त्याच्या दुकानात कार्बनच्या काड्यांच्या चष्म्याच्या फ्रेमा आहेत. त्यातली एक घरी आणून तो पिळून दाखवायचा. ती पिळली जायची आणि परत सरळ व्हायची. मी मात्र दुसरेच व्हिडिओ बघत होते. एका व्हिडिओत मोठ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचं बॉनेट वाऱ्याने एकदम उघडलं आणि समोरच्या काचेवर आपटलं. पुढचं काही दिसत नव्हतं. मी तो अकरा वेळा पाहिला.

चैत्रातल्या एका बुधवारी आम्ही चौघं सासूबाईंच्या साध्या गाडीतून चिंतामणच्या जत्रेला गेलो. दर्शन झालं, आणि बाहेर सासूबाईंनी माठ घेतला. माठ घेताना त्या बोलत नाहीत. माठ डाव्या हातावर तोलायचा, उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने गळ्यापासून बुडापर्यंत वाजवत जायचं, आणि त्या वेळी नजर भलतीकडेच असायची, झाडाकडे, माणसांकडे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी एक माठ आणला होता, त्यावरची फुलं आवडली म्हणून. संध्याकाळपर्यंत ओट्याखाली तळं झालं. "माठ बघून घेत नाहीत," तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "ऐकून घेतात." चिरलेला माठ बद्द वाजतो. चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो, आवाज लपत नाही. तेव्हापासून मलाही सवय लागली आहे. कलिंगड, नारळ, भिंतीची फरशी, जे हाताला लागेल ते मी वाजवते.

परत येताना श्रीनाथने गाडी नानाखेड्याच्या पुढे सुमीतच्या वर्कशॉपकडे वळवली. "दहा मिनिटं. माल आलाय म्हणे." रविवारी इंदूरला माझ्या बहिणीकडे जायचं होतं, शर्वरीला मागे बसवून, नव्या बॉनेटची गाडी घेऊन. तारीख ठरली होती, बहिणीला फोन झाला होता.

सुमीतने तीन बॉनेटं काढली. सासूबाईंना त्याने सावलीत खुर्ची दिली, आणि त्या पाठ फिरवून शर्वरीला केळं भरवत बसल्या.

पहिल्या बॉनेटवर कार्बनचं नुसतं चित्र होतं, स्टिकर चिकटवलेलं. सुमीतनेच ते पायाने बाजूला सारलं. "ये बच्चों के लिए." दुसऱ्याचा वरचा थर खऱ्या कार्बनचा आणि खाली साधं काचेचं फायबर. बरं होतं. मधल्या ओळीत वीण किंचित वाकडी झाली होती, साडीच्या निऱ्या घाईत बसवल्यासारखी.

तिसरं त्याने जुन्या रजईत गुंडाळलं होतं. रजई उलगडली आणि आम्ही दोघंही जवळ गेलो.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. शर्वरी व्हायच्या आधी सहा वर्षं शाळेत शिकवलं. कार्बन, संयुजा चार. कोळसा, पेन्सिलीचं शिसं, हिरा. फळ्यावर षटकोन काढून काढून माझी बोटं पांढरी व्हायची. पण तो कार्बन असा समोर येऊन पडेल असं कधी वाटलं नव्हतं. काळा, आणि काळ्याच्या आत दुसरा काळा. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढे धागे, हजारोंनी एकत्र करून पट्टी, अशा पट्ट्या एकीवर एक तिरप्या विणलेल्या. डावीकडची वीण उजवीकडे झुकलेली, उजवीकडची डावीकडे, आणि मधोमध दोन्ही अशा भिडलेल्या की माशाचा काटा नाकापासून काचेपर्यंत सरळ गेलेला. मी एक पाऊल सरकले तर उजळ होता तो चौकोन विझला आणि शेजारचा पेटला. धूपछाव साडी अशी रंग बदलते, पण साडीत दोन रंगांचे धागे असतात. इथे रंग एकच होता. वरचा चकचकीत थर इतका नितळ, की वाकून पाहिल्यावर डोहात पाहिल्यासारखं वाटलं, आणि डोहाच्या तळाशी कुणीतरी बसून हे विणलंय. काजळ म्हणजे हाच कार्बन. माझ्या पोरीच्या गालावर मी रोज लावते तो.

"बघ," श्रीनाथ अगदी हळू म्हणाला, देवळात बोलावं तसं. "मृण्मयी, बघ नं."

"बघतेय."

त्याने खिशातून भिंग काढलं. त्याचा धंदाच डोळ्यांचा, भिंग सदरा बदलला तरी बरोबर असतं. नाकापासून सुरुवात करून तो इंच इंच पुढे गेला. "ओरखडा नाही. एक बुडबुडा नाही."

"कोयंबटूर से आया है, भैया," सुमीत म्हणाला. "रेस के ट्रैक वाली गाड़ी का है. मालिक ने गाड़ी निकाल दी. ऊपर-नीचे पूरा कार्बन. लाखों में एक पीस."

तेव्हाच मी ते उचललं, घाबरले आणि खाली ठेवलं.

मग मी विचारलं, "ये बंद कहाँ से होता है?"

श्रीनाथने भिंगातून डोळा काढून माझ्याकडे पाहिलं. त्या सकाळी मी तीनदा काळजी केली होती: देवळात शर्वरीचा हात सुटेल म्हणून, जत्रेतल्या उसाच्या रसातल्या बर्फाची, आणि मागच्या सीटवरच्या माठाची. ही चौथी.

सुमीतने बॉनेट लाकडी घोडीवर उलटं ठेवलं. नाकाच्या मधोमध आतून एक लोखंडी कडी बसवलेली होती. "ये कुंडा लॅच में फँसता है. बस. हवा का सारा ज़ोर यहीं आता है."

सारा जोर इथेच येतो. मी बोट वाकवलं आणि पेराने कडेपासून वाजवायला लागले. मुद्दाम नाही, हाताला सवय म्हणून. टण. टण. टण. इतका स्वच्छ आवाज, की पुढचा ऐकावासा वाटावा. कुठल्याही माठाचा असा आवाज मी ऐकला नव्हता. टण. टण.

कडीजवळ आवाज पडला.

मी हात मागे घेतला. श्रीनाथ माझ्याकडे बघत नव्हता, विणीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा शर्वरीला पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा होता तसा होता. मला वाटलं, आता बोलले तर चिंतामणबाई. मी परत वाजवलं, हळूच, चोरून.

"बद्द वाजतंय," पाठीमागून सासूबाई म्हणाल्या.

त्या वळल्यादेखील नव्हत्या. त्यांच्या हातात केळ्याचा शेवटचा तुकडा होता आणि नजर रस्त्यापलीकडच्या गुलमोहरावर.

"काय, आई?" मी विचारलं.

"ते, काय वाजवलंस आत्ता. बद्द वाजतंय. ठेवून दे, दुसरं बघ." माठवाल्याकडे म्हणतात तसं, अगदी सहज.

सुमीतचा चेहरा उतरला. "माताजी," तो म्हणाला, "ऐसे भद्द मत पीटो हमारी. दस साल हो गए, उज्जैन में किसी ने नहीं बोला कि सुमीत ने खराब माल दिया."

भद्द पिटणं म्हणजे हिंदीत चारचौघांत फजिती करणं. सासूबाई आता वळल्या. "मैंने क्या पीटा? पीटा तो बहू ने."

श्रीनाथला हसू आवरेना. "भद्द नहीं यार, बद्द! आई भद्द नहीं पीट रही. बद्द मतलब..." आणि तो अडकला. आयुष्य उज्जैनमध्ये गेलं, दुकानात दिवसभर हिंदी, पण या शब्दाला हिंदी सापडेना. "मतलब मटका फूटा हो तो कैसा बजता है..."

"मतलब मेरा माल फूटा हुआ है?" सुमीत आणखी दुखावला.

मी गाडीतून नवा माठ काढून आणला. सुमीतच्या कानाजवळ धरून वाजवला. टण. मग त्याच्या दारातल्या कुंडीकडे गेले. ती जुन्या चिरलेल्या माठाचीच होती, त्यात कोरफड लावलेली. वाजवली. बद्द.

"ये," मी म्हटलं. "ये बद्द."

मग बॉनेट. कड: टण. कडीजवळ: बद्द.

सुमीतने हात वर करून आतल्या माणसाला कॉम्प्रेसर बंद करायला लावला. पंखाही बंद केला. वर्कशॉपमध्ये इतकी शांतता झाली, की रस्त्यावरच्या बसचा कंडक्टर "देवास देवास" ओरडतोय ते स्पष्ट ऐकू आलं.

"फिर से बजाओ, भाभी."

मी वाजवत गेले. जिथे आवाज पडेल तिथे खूण करायची होती, पण काळ्यावर खूण करायला काजळाची पेन्सिल काय कामाची? सासूबाईंनी पिशवीतून चिंतामणच्या कुंकवाची पुडी पुढे केली. मी बोट ओलं करून टिंबं लावत गेले. एक, मग अर्ध्या बोटावर दुसरं, तिसरं. हळूहळू कडीभोवती लाल टिंबांचं कडं तयार झालं, पोळीएवढं, एका बाजूला थोडं लांबलेलं. कड्याच्या आत सगळं बद्द, बाहेर सगळं खणखणीत. डोळ्यांना मात्र आत-बाहेर तीच वीण, तोच डोह. शर्वरी म्हणाली, "आज्जी, आईने पूजा केली."

सुमीतने खिशातून रुपया काढला आणि त्याच्या कडेने माझ्या टिंबांवरून हळूहळू वाजवत गेला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग खालून अंगठा दाबला. अगदी बारीक 'टिच्' झालं, वाळलेल्या पानासारखं.

"थर सुटलेत," मी म्हटलं. "आतून."

"ठोकर खाई है कभी." सुमीत खाली बसला. "ऊपर से पॉलिश मार दी किसी ने. भैया, कसम से, मुझे नहीं पता था. मैं तो यही लगाने वाला था."

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा होताच, पण सगळा भीतीचा नव्हता. एक बाई पाठ फिरवून केळं भरवतेय, आणि दहा फुटांवरून तिला कळतं की विमानाच्या सामानात आत, जिथे भिंग पोचत नाही, तिथे काहीतरी सुटलंय.

श्रीनाथ मात्र अजून बॉनेटच्या बाजूचाच होता. "एवढुसा तर भाग आहे. आत रेझिन भरता येईल. वरून दोन पिना लावू. सुमीत, होईल नं?"

सुमीतने रुपया परत खिशात टाकला.

"श्रीनाथ," मी म्हटलं, "तुला घ्यायचं तर घे. तू मोठा आहेस. शर्वरीची खुर्ची तेवढी काढून दे मला त्या गाडीतून. आज."

माझा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तो हसला असता.

त्याने परत भिंग लावलं. कुंकवाच्या कड्यातली वीण पाहिली, बाहेरची पाहिली, परत आतली. मला माहीत होतं त्याला काय दिसतंय. काहीच नाही. बराच वेळ तो वाकलेला होता. मग त्याने भिंग खिशात टाकलं, चष्मा काढून सासूबाईंच्या मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि बोट वाकवलं.

टण. टण. टण. टण.

बद्द.

मिटल्या डोळ्यांनीच त्याने परत तिथे वाजवलं. परत. चौथ्यांदा हात उघडून तो तिथे नुसता ठेवला, ताप बघतात तसा.

"गुंडाळ रे," तो सुमीतला म्हणाला. "रजईत गुंडाळ. परत पाठव."

मग त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "दुसरं तू वाजव."

मी वाजवलं. ते वाकड्या निऱ्यांचं, खाली साधं फायबर असलेलं बॉनेट. सुमीत एका बाजूला, श्रीनाथ दुसऱ्या बाजूला, आतला माणूसही येऊन उभा. नाकापासून काचेपर्यंत, मग आडवं, मग चारही कडा, मग उलटं करून कडीभोवती बोट बोट जागा. आवाज पहिल्यासारखा घंटेचा नव्हता, थोडा जाड होता, पण एकसारखा जाड. प्रत्येक वेळी बोट उचलताना मला वाटायचं, आता पडेल. पडला नाही. त्या पंधरा मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की मी भीत नाहीये. मी ऐकतेय. दोन्ही एकदम करता येत नाही.

"चांगलं आहे," सासूबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या.

तरी मी सुमीतकडून कडीच्या खाली दुसरा एक सुरक्षेचा हूक लावून घेतला. श्रीनाथ "चिंतामणबाई" म्हणाला नाही. सुमीतने आरशांची कव्हरं आणि मागचा छोटा स्पॉयलरही आणला होता, एकेक माझ्यासमोर धरून विचारत होता, "भाभी, ये बद्द तो नहीं?" आता त्याच्या वर्कशॉपमध्ये हाच शब्द चालतो म्हणे. परवा श्रीनाथने त्याला कुणाशी तरी फोनवर बोलताना ऐकलं, "नहीं भाई, बद्द पीस है, मत लेना."

शनिवारी बॉनेट बसून गाडी घरी आली. लाल गाडीला काळं तोंड. श्रीनाथ किल्ली फिरवत होता, एक चक्कर मारून येतो म्हणून. सासूबाई खाली उतरल्या, भोवती एक फेरी घातली, आणि मधोमध एकदाच वाजवलं.

"आज नको," त्या म्हणाल्या. "नवा माठ पहिल्या दिवशी भरून ठेवतात. पीत नाहीत."

"आई, यात पाणी कुठे भरायचं?"

"मी म्हटलं का पाणी भर? एक दिवस राहू दे म्हटलं." मग माझ्याकडे वळून, "काजळ आण गं."

मी आणलं. त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यात बोट टेकवलं.

"काळ्यावर काळं," श्रीनाथ म्हणाला. "दिसतंय कुणाला?"

"दिसायला लावत नाहीत."

गाडी त्या दिवशी जागची हलली नाही.

रविवारी सकाळी पोहे खाऊन निघालो. मी पुढे, शर्वरी मागे तिच्या खुर्चीत. नानाखेडा मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि श्रीनाथने माझ्याकडे एकदा बघून पाय दाबला. मी दोन्ही हातांनी सीटची कड धरली होती. रस्ता मी बघतच नव्हते, फक्त बॉनेटची समोरची कड बघत होते, जिथून ते उघडतं. काटा ऐंशीवर गेला, नव्वदवर, शंभरावर. वारा दारांवरून घोंगावत होता. कड हलली नाही. केसभरही नाही. त्यावरची झाडं मात्र पळत होती, उलटी, डोहात पडल्यासारखी, आणि ऊन वळलं की चौकोनामागून चौकोन उजळत काचेपर्यंत यायचा आणि विझायचा. कोळसा, शिसं, हिरा, काजळ. आणि त्याच्यामागे आम्ही तिघं, वाऱ्यात.

मागून शर्वरी खिडकीची काच वाजवत होती. "आई, टण!" मग खुर्ची. "आई, हे बद्द!"

"खुर्ची गादीची आहे सोन्या, ती तशीच वाजते."

"मग ती फुटलीय?"

श्रीनाथ हसला. मीही. सांवेर येऊन गेलं होतं, आणि मला कळलं की गेली कितीतरी मिनिटं मी बॉनेटकडे पाहिलेलं नाही. मी शेतांकडे बघतेय. गव्हाची कापणी होऊन गेली होती, आणि मोकळ्या काळ्या जमिनीवर ऊन पडलं होतं.